जुनी भिंगं आणि धानाच्या बांध्या

सारस पन्नास मीटरवर धानाच्या बांधीत उभा आहे. उंची साधारण साडेपाच फूट. ५०० मिलिमीटरच्या लेन्समधून त्याची प्रतिमा सतरा मिलिमीटरच्या आसपास उंच पडते. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट चोवीस मिलिमीटर उंच असते. म्हणजे लाल मानेपासून चिखलात रुतलेल्या पायांपर्यंत अख्खा पक्षी तीत बसतो, वर आभाळाला आणि खाली पाण्यातल्या सावलीला थोडी जागाही उरते. हे गणित १९७० साली होतं तेच आजही आहे. लेन्स या हंगामात दुकानात आलेली असो की चाळीस वर्षांपूर्वी कुणाच्या मामाने परदेशातून आणलेली असो, काचेतून जाणारा प्रकाश त्याच नियमाने वळतो.

गोंदियातला एखादा हौशी छायाचित्रकार जुनी लेन्स हातात घेतो तेव्हा तो फक्त आठवणींच्या ओढीने घेत नाही. नवी लांब पल्ल्याची ऑटोफोकस लेन्स लाखाच्या घरात जाते आणि हौसेला तेवढं बजेट नसतं. पण पैशाचं कारण अर्धंच. जुनं साहित्य नेमकं काय देतं आणि कुठे पाय ओढतं, याचा हिशेब मांडायचा तर तो ठिकाणासकट मांडावा लागतो. मुंबईच्या फोर्ट भागात किंवा पुण्यात जे चालतं ते गोंदियात चालेलच असं नाही. इथला पाऊस वेगळा, उन्हाळा वेगळा, विषय वेगळे आणि दुरुस्तीवाला लांब.

विषयांची मात्र इथे श्रीमंती आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. कोहळी समाजाने बांधलेले जुने मालगुजारी तलाव, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात, गावोगाव आहेत. परसवाडा, झिलमिली या तलावांवर हिवाळ्यात पाहुण्या बदकांचे थवे उतरतात. महाराष्ट्रात सारस टिकून राहिला तो मुख्यतः गोंदियाच्या पट्ट्यात. दक्षिणेला नवेगावबांधचं राष्ट्रीय उद्यान, मध्ये नागझिऱ्याचं अभयारण्य, आणि २०१३ पासून दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. सालेकसा तालुक्यात कचारगडची प्रचंड गुहा, जिथे माघ पौर्णिमेला देशभरातून गोंड समाज जमतो. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, भरते आणि झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात.

गंमत अशी की मराठी वाचकाला हा प्रदेश डोळ्यांनी दिसण्याआधी शब्दांतून दिसला. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’, मारुती चितमपल्ली यांचं ‘नवेगावबांधचे दिवस’, पुढे किरण पुरंदरे यांचं ‘सखा नागझिरा’ ही पुस्तकं वाचून पुण्या-मुंबईची माणसं गोंदियाच्या गाडीत बसली. नागझिऱ्याच्या विश्रामगृहांत वर्षानुवर्षे वीज नव्हती. तिथे राहायला जाणाऱ्याच्या पिशवीत कंदिलाशेजारी जो कॅमेरा असे, तो बॅटरीविना चालणारा असला तर त्याच्या मालकाला रात्री निवांत झोप लागे. आज हे छोटं वाटेल, पण जुन्या यांत्रिक कॅमेऱ्याचं पहिलं मोल असल्याच जागी कळतं.

मध्यमवर्गीय मराठी घरात पहिला कॅमेरा बहुधा आग्फाचा क्लिक थ्री असे. बडोद्यात तयार होणारा, काळ्या प्लॅस्टिकचा, बॉक्ससारखा. त्यात १२० नंबरचा रोल बसे आणि बारा चौकोनी फोटो निघत. फोकस करायचं नाही, शटरचा वेग निवडायचा नाही, फक्त ऊन की ढग एवढं ठरवायचं. मागच्या बाजूला छोटी लाल खिडकी. किल्ली फिरवत राहिलं की तीत रोलच्या पाठच्या कागदावर छापलेला आकडा हळूहळू सरकत येई आणि मधोमध आला की थांबायचं. एका रोलमध्ये बाराच, म्हणून आजोबा खुर्चीवर नीट बसेपर्यंत आणि पोरांचे केस विंचरून होईपर्यंत बोट खटक्यावर जात नसे. सहलीला गेलेलं कुटुंब बारातले चार नवेगावच्या तलावाला देई आणि आठ घरच्यांना.

हातात पैसा आला की त्यावरची पायरी यशिका. वरून खाली बघायचा, दोन डोळ्यांचा यशिका मॅट लग्नातल्या फोटोग्राफरची ओळख बनला. त्याच्या पोटातही १२० चाच रोल, पण समोर ८० मिलिमीटरची एफ/३.५ लेन्स, आणि ती आजही शिळी वाटत नाही. सोव्हिएत संघाशी आपला व्यापार जोरात होता त्या काळात झेनिट आला. लोखंडी ठोकळ्यासारखा, लेन्ससकट एक किलोच्या आसपास वजनाचा आणि खटक्याचा आवाज समोरच्या रांगेपर्यंत जाणारा. ऐंशीच्या दशकात हॉट शॉट नावाचे हलके छोटे कॅमेरे जाहिरातींतून घराघरात गेले. फिल्मसुद्धा देशी मिळे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या उटीच्या कारखान्यातून ‘इंदू’ नावाचे कृष्णधवल रोल निघत. तो कारखाना बंद पडला, पण इंदूवर उतरलेले चेहरे अजून भिंतींवर आहेत.

या सगळ्यांतून आज काय वापरावं? जुना कॅमेरा आणि जुनी लेन्स हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि ते एकत्र केल्याने बरीच निराशा पदरी येते.

कॅमेऱ्याचं शरीर म्हणजे यंत्र. त्यात कापडी पडदे, स्प्रिंगा, तेल, आणि मागच्या झाकणाच्या खोबणीत फोमच्या पट्ट्या. तीस-चाळीस वर्षांत फोमचा चिकट काळा गोळा होतो आणि रोलवर उजेडाचे पट्टे येतात. तेल घट्ट झालं की एका सेकंदाचं शटर दोन सेकंद उघडं राहतं. सत्तरच्या दशकातल्या पुष्कळ कॅमेऱ्यांचा प्रकाशमापक १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीवर चाले. पारा विषारी म्हणून त्या बॅटऱ्या जगभर बंद झाल्या. आज तिथे दीड व्होल्टची बसवली तर काटा चुकीचं सांगतो. त्यामुळे जाणते लोक मापकाकडे बघतच नाहीत. स्वच्छ उन्हात एफ/१६ आणि शटरचा वेग फिल्मच्या आकड्याइतका, हा जुना नियम ते पाठ ठेवतात. शंभरच्या फिल्मला १/१२५, चारशेच्या फिल्मला १/५००. एप्रिल-मेच्या गोंदियात, आभाळात ढगाचा तुकडा नसताना, हा नियम क्वचितच दगा देतो. रोवणीच्या दिवसांत मात्र ढग दर पाच मिनिटांनी उजेड बदलतात आणि तिथे अंदाज लावायला डोळा मुरावा लागतो.

लेन्सचं तसं नाही. काच सहसा म्हातारी होत नाही. तिला बुरशी लागते, चरे पडतात, तिचं वंगण वितळतं. पण बाहेरून आत येणाऱ्या प्रकाशाला वळवण्याचं तिचं काम पहिल्या दिवसाइतकंच चोख राहतं.

म्हणून सगळ्यात शहाणा मार्ग जुनी लेन्स नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावण्याचा. इथे एक आकडा समजून घेतला की खरेदीतल्या चुका टळतात. लेन्स जिथे बसते त्या कड्यापासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक कंपनीने आपलं ठरवलेलं असतं. निकॉनच्या जुन्या कॅमेऱ्यांत ते ४६.५ मिलिमीटर, झेनिट आणि जुन्या पेंटॅक्सच्या आट्यांच्या माउंटला ४५.४६, कॅननच्या डिजिटल एसएलआरला, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याला, ४४. ज्या लेन्सला मागे जास्त अंतर लागतं ती कमी अंतराच्या कॅमेऱ्यावर कडं लावून बसवता येते. उलट केलं तर लांबचं कधीच स्पष्ट होत नाही. झेनिटची लेन्स कॅननवर पातळ कड्याने बसते, निकॉनच्या एसएलआरवर तिला दूरची टेकडी धूसर दिसते. आताच्या आरशाविना कॅमेऱ्यांत हे अंतर फार कमी झालंय. सोनीचं १८, निकॉन झेडचं १६. त्यामुळे आजवर बनलेली ३५ मिलिमीटर फिल्मसाठीची जवळजवळ कुठलीही लेन्स त्यांवर साध्या ॲडाप्टरने बसते. हाताने फोकस करताना स्पष्ट कडा रंगीत रेघांनी दाखवण्याची सोयही त्यांत असते. जुन्या भिंगांना पुन्हा भाव आला तो मुख्यतः यामुळे.

निकॉनवाल्यांसाठी एक बारकावा. १९५९ मध्ये आलेलं निकॉनच्या एसएलआरचं माउंट आजवर आकाराने तेच आहे, पण १९७७ आधीची मूळ स्वरूपातली लेन्स पुढच्या बऱ्याच कॅमेऱ्यांवर जोर लावून बसवली तर तिच्या ॲपर्चरच्या कड्याची धार कॅमेऱ्यातल्या छोट्या तरफेवर आदळते आणि नुकसान होतं. २००६ मधल्या डी४० सारख्या साध्या, स्वस्त डिजिटल कॅमेऱ्यात ती तरफच नाही. सहा मेगापिक्सेलचा म्हणून अडगळीत पडलेला तो कॅमेरा अशा लेन्ससाठी महागड्या भावंडांपेक्षा बरा. प्रकाश त्याला मोजता येणार नाही, एवढं मात्र लक्षात ठेवायचं.

आता एकेक भिंग. हेलिओस ४४-२ ही झेनिटबरोबर येणारी ५८ मिलिमीटरची एफ/२ लेन्स, तिचा आराखडा जर्मनीच्या झाइस बायोटारचा. पूर्ण उघडी ठेवून मागे पानं असतील असा चेहरा टिपला, की मागची पानं भोवऱ्यासारखी गोल फिरताना दिसतात. इंटरनेटवर याचं इतकं कौतुक झालंय की प्रत्येक फोटोत भोवरा दिसू लागला. नागझिऱ्याच्या वाटेवर मोहाच्या झाडाखाली उभ्या बाईचा चेहरा तिने छान निघतो हे खरं, पण दहा फोटोंत दहा वेळा मागचं रान गरगरलं तर पाहणाऱ्याला झाड मोहाचं की सागाचं तेही कळत नाही. एफ/५.६ वर आणा, तीच लेन्स शांत आणि काटेकोर होते. तिचं खरं काम तिथे आहे.

जुन्या ५० मिलिमीटर एफ/१.४ लेन्सला गोंदियात आपली जागा आहे: झाडीपट्टीचं नाटक. नाटक रात्री दहाच्या पुढे सुरू होतं, पहाटेपर्यंत चालतं. शामियान्यात मागे बसणाऱ्यांना थंडी, समोर रंगमंचावर पिवळट झोत. नव्या कॅमेऱ्याबरोबर येणारी झूम लेन्स लांबच्या टोकाला एफ/५.६ पर्यंत मिटलेली असते. एफ/१.४ त्याच्या सोळापट प्रकाश आत घेते. जिथे झूमला शटर १/१५ वर आणावं लागतं आणि लावणी नाचणाऱ्या बाईचे हात धुक्यासारखे होतात, तिथे जुनी पन्नास १/२५० वर काम करते. फोकस हाताने करावा लागतो, पण नट मंचावर ठरावीक जागी येऊन उभे राहतात. पहिला अंक बघून झाला की नायक कुठे थांबणार हे कळतं आणि फोकस आधीच लावून ठेवता येतो. नाटकाच्या फोटोसाठी नाटक बघावं लागतं, ही जुन्या लेन्सने लावलेली चांगली सवय.

याच कुळातली असाही पेंटॅक्सची सुपर टाकुमार ५० एफ/१.४. तिच्या काचेत थोरियम मिसळलेलं आहे, त्यामुळे किंचित किरणोत्सर्ग होतो आणि काही दशकांत काच चहासारखी पिवळी पडते. उपाय सोपा आहे: काही दिवस उन्हात ठेवणं. पण मेच्या दुपारी गच्चीवर ठेवली तर फोकसच्या कड्यातलं वंगण पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर पसरतं आणि पाती चिकटतात. सकाळचं कोवळं ऊन, खाली ॲल्युमिनियमची चकती, आणि उन्हाचा ठिपका कापडावर किंवा कागदावर पडणार नाही अशी जागा. भिंग शेवटी भिंगच आहे. आग लागू शकते.

आणि ज्या लेन्सने लेखाची सुरुवात झाली ती ५०० मिलिमीटर एफ/८ ची आरशांची लेन्स. निकॉनने केली, रशियात झाली, इतरही अनेक कंपन्यांनी केली. आत दोन आरसे, प्रकाश पुढे-मागे परतवून लांबी आटोपशीर केलेली. नेहमीच्या ५०० च्या तुलनेत ती आखूड आणि हलकी. दोष दोन. ॲपर्चर बदलता येत नाही, आणि फोकसबाहेरचे चमकते ठिपके मेदूवड्यासारखे, मधे भोक असलेले दिसतात. धानाच्या बांधीत पाणी भरलेलं असताना सकाळचं ऊन तिरपं आलं, की सारसाच्या मागे शेकडो वडे चमकतात. काहींना ते आवडतं. या लेखाचं मत असं की ढगाळ सकाळ किंवा सूर्य पाठीशी असतानाच ही लेन्स काढावी. फिल्मच्या काळात तिचा आणखी एक अडसर होता. उजाडताना, सारस सगळ्यात हालतात-बोलतात तेव्हा, एफ/८ ला चारशेची फिल्म पुरत नसे. डिजिटल सेन्सर सोळाशे-बत्तीसशेवर सहज चालतो, त्यामुळे पूर्वी दुपारची मानली गेलेली लेन्स आता पहाटे चालते. पन्नास मीटरवर तिची स्पष्टतेची पट्टी तीनेक मीटरची असते, तेव्हा जोडीतले दोन्ही सारस शेजारी-शेजारी असतील तर दोघेही नीट येतात.

तिला तिपाई हवी किंवा टेकू. बाजारातल्या बीन बॅगऐवजी कापडी पिशवीत दोन-तीन किलो धान भरून ती धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ठेवली तर लेन्स तिच्यात छान रुतून बसते.

मात्र सारसाच्या बाबतीत लेन्सच्या आकड्यापेक्षा अंतर मोठं. पावसाळ्यात तो बांधीतच पाण्यात गवताचा ढीग रचून घरटं करतो, अंडी बहुधा दोनच, उबवणी महिनाभर. जिल्ह्यात हे पक्षी काही डझनच उरलेत. ज्याच्या शेतात घरटं आहे तो शेतकरी राखण करतो आणि बाहेरचा माणूस कॅमेरा घेऊन धुऱ्यावरून पुढे सरकतो, हे दृश्य बघवत नाही. ३०० मिलिमीटरने शंभर मीटरवरून सारस फ्रेममध्ये पाच मिलिमीटरच दिसतो. दिसू दे. त्या फोटोत हिरवी बांधी, तलावाची पाळ आणि मधे राखाडी पक्षी येतो, आणि गोंदियाचा सारस असाच राहतो: माणसाच्या शेतात.

वाघाचं काय? इथे जुन्या साहित्याची बाजू घेण्यात अर्थ नाही. जिप्सी हलते आहे, वाघ वाट ओलांडायला सहा-सात सेकंद घेतो, त्यात तुम्हाला हाताने फोकस करायचाय. शंभरात पाच फोटो नीट आले तर नशीब. ज्याला वाघच हवा त्याने आधुनिक ऑटोफोकस घ्यावा. पण नागझिरा म्हणजे काही वाघच नव्हे. पाणवठ्यावर स्थिर बसलेला नीलपंख, वारूळ, पानगळीनंतर मार्चमध्ये उघडं पडलेलं रान, तेंदूची पानं तोडून आणणाऱ्या बायांची पहाटेची रांग, हे सगळं जुन्या १०५ किंवा १३५ मिलिमीटरच्या लेन्सला थांबून पाहता येतं. १३५ एफ/२.८ ने तीन मीटरवर चेहरा घेतला तर स्पष्टतेची पट्टी जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरची. डोळ्यावर फोकस गेला तर कान सुटतो. हे एकदा हाताला कळलं की पुढे कुठल्याही कॅमेऱ्यावर उपयोगी पडतं.

कचारगडला जुनी लेन्स वेगळीच परीक्षा घेते. गुहेच्या आत अंधार आणि तोंडाशी लख्ख उजेड. जुन्या भिंगांवरचा लेप एकपदरी असे, समोरून उजेड आला की सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा चढतो. लेन्सला हूड नसेल तर हाताचा तळवा वर धरावा, नाहीतर उजेडाकडे पाठ करून गुहेत येणाऱ्यांचे चेहरे घ्यावेत. आणि ती यात्रा श्रद्धेची आहे. कॅमेरा वर करण्याआधी विचारावं.

गोंदियात जुन्या साहित्याचा सगळ्यात मोठा शत्रू पाऊस आहे. वर्षाला १२०० मिलिमीटरच्या पुढे, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिली की लेन्समधल्या धुळीवर बुरशी धरते. लेन्स मोबाइलच्या टॉर्चसमोर धरून तिरपं पाहिलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतात. सुरुवातीचे धागे पुसले जातात. उशीर झाला तर बुरशीतून सुटणारं आम्ल लेपाला खातं आणि पुसल्यावरही नक्षी तशीच राहते. सर्वांत वाईट जागा म्हणजे कॅमेऱ्याबरोबर आलेली देखणी चामड्याची पेटी, कारण चामडं ओल धरून ठेवतं. भाताच्या जिल्ह्यात आणखी एक सवय आहे, कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवण्याची. तांदूळ फारशी ओल ओढत नाही आणि त्याचं पीठ मात्र लेन्सच्या सांध्यांत जाऊन बुरशीला खाऊ घालतं. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढ्याने भागतं. जेलचा रंग बदलला की वेगळ्या, स्वयंपाकाला न लागणाऱ्या भांड्यात ते तापवून पुन्हा वापरता येतं. आणि लेन्स वापरात ठेवावी. आठवड्यातून दोनदा उजेडात येणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा लागत नाही.

उन्हाळा उलट्या बाजूने छळतो, विशेषतः घरी रोल धुणाऱ्यांना. कृष्णधवल फिल्म धुण्याचं रसायन वीस अंशांवर वापरायचं असं पाकिटावर लिहिलेलं असतं. मेमध्ये गोंदियाच्या नळाचं पाणी हाताला चटका देतं. तापमान चढलं की रसायन झपाट्याने काम करतं, रोल काळा होतो, आणि फार गरम झालं तर फिल्मवरचं जिलेटिन फुगून सुरकुततं. इथे माठ कामाला येतो. कोरड्या हवेत माठाचं पाणी बाहेरच्या चाळीस-बेचाळीसला पंचविशीपर्यंत उतरतं, मग बर्फाचे दोन खडे टाकले की वीस. ऑगस्टच्या दमट हवेत माठ तेवढं काम करत नाही, पण तेव्हा पाणीही तेवढं तापलेलं नसतं. रोल डबीतून काढून टाकीत भरायला पूर्ण अंधार लागतो. न्हाणीघराच्या फटी बुजवून, रात्री दिवे घालवून, तरीही गोधडीत हात घालून हे काम केलं जातं. बोटांना रोलची सुरुवात सापडते, फिरकीच्या खोबणीत ती अडकते, हळूच फिरवताना फिल्मची कड खोबणीत सरकल्याचा खरखर आवाज येतो. तो आवाज थांबला तर समजायचं की फिल्म वळली, आणि पुन्हा मागे यायचं. मग विकासक, पाणी, हायपो, आणि शेवटी खिडकीपाशी धरलेली ओली पट्टी.

रंगीत फिल्मचं घरी अवघड आहे. तिचं रसायन अडतीस अंशांवर, अर्ध्या अंशाच्याही फरकाविना लागतं. शिवाय लॅबमधलं यंत्र रोज पुरेसे रोल आले तरच परवडतं, नाहीतर रसायन पडून बिघडतं. गावातल्या लॅब डिजिटल छपाईकडे वळल्या त्याचं कारण हेच. आता गोंदियातून रंगीत रोल कुरियरने मोठ्या शहरात जातो आणि फोटो आठ-पंधरा दिवसांनी फोनवर येतात. लॅब संपली की फिल्म संपते, हे कोडाक्रोमने दाखवून दिलं. ती धुणारी जगातली शेवटची लॅब अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये होती. तिने २०१० च्या डिसेंबरअखेर काम थांबवलं आणि कुणाकडे न धुतलेले रोल राहिले असतील तर ते तसेच राहिले. एवढं असूनही फिल्म मेली नाही. २०२४ मध्ये पेंटॅक्सने नवाकोरा फिल्म कॅमेरा बाजारात आणला. पण रोल, धुलाई आणि कुरियर धरून एका फोटोला येणारा खर्च हौशी माणसाला महिन्याला एका रोलपलीकडे जाऊ देत नाही. छत्तीस फोटो, एक महिना. मंडईत ओळखीच्या दहा माणसांचे चेहरे, मामा तलावावरची एक सकाळ, घरची चार माणसं, यांसाठी ते पुरेसं आहे.

दुरुस्तीचा प्रश्न मात्र खरोखर बिकट आहे. घड्याळासारखे कॅमेरे उघडणारे हात कमी होत चाललेत, आणि जे आहेत ते मुंबईत बोरा बाजारासारख्या ठिकाणी. मराठी मुलखाला कॅमेऱ्याच्या यंत्राशी अशी झटापट नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनला जाऊन विल्यमसन कॅमेरा घेतला आणि आधी एका कुंडीतल्या अंकुराची वाढ चौकट-चौकट करून टिपली. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी विलायती कॅमेरा नसताना आपल्या हाताने कॅमेरा घडवला आणि त्यावर ‘सैरंध्री’ काढली. आज तरुण पोरं व्हिडिओ बघून स्क्रूड्रायव्हर हातात घेतात. त्यांनी झेनिटपासून सुरुवात करावी, कारण तो उघडायला सोपा आणि बिघडला तर हळहळ कमी. मुंबईच्या दिलीश पारेख यांच्याकडे साडेचार हजारांच्या घरात जुने कॅमेरे असल्याची नोंद गिनीज बुकात झाली, गुरुग्राममध्ये कॅमेऱ्यांचं संग्रहालय उभं राहिलं. ते मोठं काम आहे. पण काचेच्या कपाटातला कॅमेरा आणि गळ्यातला कॅमेरा यांत निवडायचं तर हा लेख गळ्यातल्याच्या बाजूचा.

आणि कॅमेऱ्यांहूनही तातडीची गोष्ट आहे ती निगेटिव्हची. तालुक्याच्या गावांमधल्या जुन्या स्टुडिओंत, रंगवलेल्या पडद्यासमोर, तीन पिढ्यांचे चेहरे टिपले गेले. गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी अडीच फुटी नॅरोगेज गाडी गोंदिया स्थानकातून गेली तो फिल्मचाच काळ होता. तिचे फोटो कुणाच्या फोनमध्ये नाहीत, असतील तर पत्र्याच्या पेटीत आहेत. ॲसिटेटच्या निगेटिव्हला उष्णता आणि ओल एकत्र लागली की ती कुजते. पेटी उघडल्यावर व्हिनेगरचा आंबट वास आला तर कुजणं सुरू झालंय, आणि एका पट्टीचा वास शेजारच्या पट्टीलाही कुजवतो. अशा पट्ट्या वेगळ्या करून आधी त्याच टिपून घ्याव्या लागतात.

या कामाला पुन्हा जुनीच लेन्स लागते. डार्करूममधल्या एन्लार्जरची ५० मिलिमीटरची लेन्स सपाट वस्तू कडेपर्यंत स्पष्ट दाखवण्यासाठीच बनवलेली असते. एन्लार्जर गेले तशा त्या लेन्स स्वस्तात मिळू लागल्या. तिच्या ३९ मिलिमीटरच्या आट्यांना एक कडं, त्यामागे नळ्यांची जोड, त्यामागे डिजिटल कॅमेरा. खाली पांढऱ्या उजेडाची पाटी, तीवर ब्लोअरने धूळ उडवलेली निगेटिव्ह, हातात सुती मोजे. ॲपर्चर एफ/८. एका चौकटीला अर्धा मिनिट. कॉम्प्युटरवर ती उलटी केली की काळं आभाळ उजळतं, पांढरे केस काळे होतात, आणि नॅरोगेजच्या डब्याच्या दारात पाय सोडून बसलेला कुणीतरी, ज्याचं नाव विचारायला अजून गावात एखादा म्हातारा असतो. नाव मिळालं तर पाकिटावर पेन्सिलीने लिहायचं, गाव आणि साल लिहायचं, आणि पुढची पट्टी उजेडाच्या पाटीवर ठेवायची.